कुसळीच्या माळावरून

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी सातला दिवे घाट चढून वर आलो, तेव्हा डोंगरांवरचा हिरवा रंग उतरून गेला होता आणि त्याच्या जागी तांब्याची झाक आली होती. पुण्याहून सासवड-जेजुरीकडे जाणाऱ्यांनी हा रंग कितीतरी वेळा पाहिलेला असतो. तो मातीचा नव्हे, झाडांचाही नव्हे. तो वाळत चाललेल्या कुसळीचा रंग आहे.

कुसळी म्हणजे आपल्या माळांवरचं सगळ्यात ओळखीचं गवत. ओळखीचं अशासाठी, की ते आपल्याबरोबर घरी येतं. किल्ला चढून आल्यावर पायमोज्यांतून, धोतराच्या सोग्यातून, साडीच्या काठातून जी बारीक अणकुचीदार काटकी उपसून काढावी लागते, तिचं झाड ते हे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण पोटापुरती शेती आणि चार जनावरं राखणाऱ्या माणसांनीच घडवली असणार. खळ्यावर आणि माळावर ज्याच्या डोळ्यात कुसळ गेलं असेल, त्यालाच ते केवढं वाटतं हे ठाऊक.

या एका गवताच्या मागे जायचं, पुण्यापासून माणदेशातल्या म्हसवडपर्यंत, असं मी बरेच दिवस मनात धरलं होतं. गवत म्हणजे नुसती हिरवी पार्श्वभूमी, असं समजून आपण त्याच्यावरून चालत जातो, याची मला खंत वाटत आली आहे. झाडांची नावं निदान विचारली जातात. गवताला नाव असतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं.

पहिला थांबा जेजुरीचा. गडावर भंडारा उधळला जात होता. मी खालून कडेपठाराच्या उतारावर वळलो. खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची लेक, आणि मेंढपाळांचा हा देव असा उघड्या, गवताळ डोंगरावर बसलेला आहे, हे मला फार बोलकं वाटतं. उतारावर गुडघाभर, कुठे कंबरेपर्यंत कुसळी माजली होती. एका ठोंबाजवळ बसलो. बुडखा चपटा, दोन बोटांत धरून दाबल्यासारखा. पात्याला मधोमध घडी, टोक बोथट. वर कणीस, आणि कणसातून निघालेली काळपट-तपकिरी कुसळं, पाच-सात सेंटीमीटर लांब. पिकल्यावर शेजारशेजारची कुसळं एकमेकांत गुंतून पीळ खातात, त्यामुळे प्रत्येक काडीच्या शेंड्याला एक बारीक वेणी घातल्यासारखी दिसते. वारा आला की सगळा उतार त्या वेण्या हलवतो. लिनिअसनं १७५३ साली या गवताचं वर्णन केलं तेव्हा त्याला 'कॉन्टॉर्टस' म्हटलं, म्हणजे पिळलेलं. आज शास्त्रात हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस हे नाव चालतं. दक्षिण आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं, सगळीकडे ते आहे.

एक वेणी सोडवून मी एक सुटं कुसळ घेतलं. खालच्या टोकाला बी, बियाला सुईसारखी अणी आणि अणीवर मागच्या दिशेनं वळलेले तांबूस केस. पाण्याच्या बाटलीच्या टोपणात चमचाभर पाणी घालून त्यात ते टाकलं. क्षणभर काही झालं नाही. मग गुडघ्यात वाकलेलं ते कुसळ सावकाश फिरायला लागलं, जणू कुणी टाचेवर उभं राहून गिरकी घेतंय. बघता बघता पीळ सुटला आणि काडी सरळ झाली. मग ते बाहेर काढून तापलेल्या दगडावर ठेवलं. पाणी सुकलं तसं ते उलट्या दिशेनं पुन्हा पीळ घेऊ लागलं.

सगळी करामत त्यातच आहे. कुसळाच्या खालच्या भागातल्या पेशींच्या भिंती मळसूत्रासारख्या तिरक्या धाग्यांच्या बनलेल्या असतात. दमट हवेत त्या फुगतात आणि पीळ सुटतो, कोरड्या हवेत आखडतात आणि पीळ बसतो. रात्रीच्या दहिवरानं एकदा आणि दुपारच्या उन्हानं एकदा, असं कुसळ रोज फिरतं. आजूबाजूच्या काड्यांत वरचं टोक अडकलं की फिरण्याचा सगळा जोर अणीवर येतो. मागे वळलेल्या केसांमुळे अणी मागे येऊ शकत नाही, पुढेच सरकते. अशा रीतीनं बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. दुसऱ्या एका गवताच्या बिया असंच करतात, ते चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन यानं १८७६ साली तपशिलानं लिहून ठेवलं. आणि जे मातीत चालतं ते मेंढीच्या कातडीतही चालतं. कुसळीबद्दलच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या एका गिरकीत आहे.

मोरगावात फार थांबलो नाही. मयूरेश्वराला वाहिलेल्या दूर्वांच्या जुड्या पाहून मात्र पाय रेंगाळले. दूर्वा म्हणजे आपली हरळी. बांधावर मेंढरं आवडीनं खातात ती, आणि वावरात शिरली की शेतकऱ्याला रडवते तीही.

मोरगावच्या पुढे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. लोक इथे चिंकारा बघायला येतात आणि तो दिसतोही. खुरट्या बाभळीच्या आडून कान टवकारून पाहतो आणि दोन उड्यांत गवतात मिसळतो. त्याच्या अंगाचा रंग वाळल्या कुसळीचाच आहे. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक ही सगळी या उघड्या माळाची लेकरं. तणमोराच्या तर नावातच गवत आहे. तरीही सरकारी कागदांवर असल्या पुष्कळ जमिनी 'पडीक' म्हणून लागलेल्या आहेत. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी केलं पाहिजे असं वाटू लागतं. मग चर खणले जातात, ग्लिरिसिडिया आणि निलगिरी लावली जाते. ज्या मातीत झाड मुळातच विरळ यायचं तिथे झाडांची दाटी झाली की खालचं गवत मरतं आणि गवताबरोबर त्याचे रहिवासीही जातात. माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते स्वतंत्र घर आहे, आणि कमी पावसाच्या या पट्ट्यात ते फार जुनं आहे. हे जोवर महसुलाच्या भाषेत उतरत नाही तोवर मला स्वस्थ वाटणार नाही. याच बारामती तालुक्यात शिर्सुफळला आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, ही मला आशेची गोष्ट वाटते. माळ बघायला माणसं मुद्दाम येऊ लागली आहेत.

सुप्याच्या पुढे रस्त्याकडेला धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या असा सगळा चालता संसार. फलटणकडचे हे लोक दिवाळी झाली की पश्चिमेला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत कुणाच्या तरी वावरात मेंढरं बसवायची, वाघर लावायची, रात्रभराच्या लेंड्यांचं आणि मुताचं खत शेताला द्यायचं आणि बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा त्यांचा जुना व्यवहार. एक वयस्कर मामा कोकराला उताणं धरून त्याच्या पोटावरून बोटं फिरवत बसले होते. कुसळ सापडलं की नखांत धरून, ज्या दिशेनं शिरलं त्याच्या उलट सरळ ओढत होते.

"मामा, कुसळीचा वैताग येत असेल," मी म्हटलं.

"वैताग कसला? कुसळी वंगाळ न्हाई, पावणं. तिची येळ असती," ते मान वर न करता म्हणाले. "आखाडात कवळी असती तवा मेंढरू तिच्यावरनं तोंड काढत न्हाई. दूधबी वाढतंय. भादव्यापातुर खावं. एकदा का ती निसवली आन् कुसळ पिकलं, की तितनं हाकलायचं मेंढरू. मग दुसरा माळ धरायचा."

कोकराच्या जांघेत एक कुसळ अर्धं आत गेलं होतं. भोवतीची कातडी लाल होऊन सुजलेली. मामांनी ते काढलं, जखमेवर हळद दाबली आणि कोकरू सोडून दिलं. तोंडात, डोळ्यांत, खुरांच्या बेचक्यात, कुठेही कुसळ शिरतं. आत राहिलं तर पू होतो. कातडं पुढे विकायला गेलं तर भोकं पडलेलं निघतं आणि भाव उतरतो. म्हणून वेळेवर कातरणी करायची, लोकर आखूड ठेवायची, हे मामांनी सांगितलेलं शहाणपण. आखूड लोकरीत कुसळ गुंतून राहत नाही.

'तिची येळ असती' हे मामांचं बोलणं मला पुढच्या दोन दिवसांत वारंवार पटत गेलं. चाऱ्याच्या अभ्यासकांचं म्हणणंही वेगळं नाही. फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या कुसळीत प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या घरात असतात. कुसळं झडून काडी वाळली की ती निम्म्याहून कमी होतात आणि उरतो तो निबर काडीचा भुसा. त्यानं जनावराचं पोट भरतं, अंग भरत नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की कुसळी किती आहे यावरून माळ कसा वापरला गेला ते कळतं. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांचा भारतातल्या गवतांवरचा मोठा ग्रंथ १९७३ साली निघाला. त्यात देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले आहेत आणि आपल्या दख्खनचा प्रकार पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या नावानं ओळखला जातो. म्हणजे या माळांवर खरं राज्य पवन्याचं आणि मारवेलीचं. दोन्ही गोड, पालेदार, जनावरांना मनापासून आवडणारी. माळावर अतोनात चराई झाली, वरचेवर वणवे लागले, की ही दोन मागे हटतात आणि कुसळी पुढे येते, कारण तिचं बी आधीच जमिनीत दडलेलं असतं आणि आगीनं त्याला फारसं काही होत नाही. त्याहूनही छळ झाला की कुसळीही जाते आणि उरतात ती वीतभर, काडीकाडीची तणं, ज्यांना मेंढरूसुद्धा नाखुशीनं तोंड लावतं. मग दगड दिसू लागतात. कुसळी ही अशी अधली पायरी आहे. ती दिसते तिथे माळ थकलेला असतो, पण गेलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी फलटण ओलांडून मोगराळे घाटानं वर निघालो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. जुळी पाजणारी मेंढी दुप्पट चारा मागते. संशोधन कितीही चांगलं असलं तरी शेवटी ते माळावरच्या गवताशी येऊन पोचतं. घाट चढताना दोन्ही बाजूंना शंभू महादेवाच्या रांगेचे उतार होते आणि काही ठिकाणी कुसळीच्या तांबूस रंगात फिकट पिवळे पट्टे दिसत होते. उतरून पाहिलं तर तो पवन्या होता. चराईपासून राखलेल्या खासगी तुकड्यात तो परत आला होता.

दहिवडीच्या अलीकडे अशाच एका तुकड्यावर कापणी चालली होती. दोन बायका, एक म्हातारा आणि शाळेला सुट्टी असलेला मुलगा. मूठभर गवत डाव्या हातात धरून विळा ओढायचा, मुठी जुळवून पेंढी करायची, गवताच्याच आळ्यानं ती बांधायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. म्हाताऱ्यानं गंजी रचायला घेतली होती, माथा उतरता ठेवून, म्हणजे अवकाळी आलाच तर पाणी वाहून जावं. बायका पहाटेच आल्या होत्या. दहिवर असताना कुसळ मऊ असतं, झडत नाही आणि हातातही कमी शिरतं. ऊन चढलं तशी त्यांनी कापणी थांबवून बांधणी धरली.

"काकी, हेच गवत महिनाभर आधी का नाही कापलं? तेव्हा जास्त कस असतो म्हणतात," मी विचारलं.

"तवा पाऊस असतूया बाबा. कापून टाकलं तर कुजंल," एक जण म्हणाली.

माण तालुक्याचा सगळा पेच या एका वाक्यात आहे. इथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात, परतीच्या वाटेवर पडतो. गवत पौष्टिक असतं नेमकं तेव्हाच. कापावं तर वाळत नाही, वाळेपर्यंत थांबावं तर कस जातो आणि कुसळं पिकतात. दोन सरींच्या मधली चार दिवसांची उघडीप साधून, फुलोरा दिसू लागताच कापलं आणि उलटंपालटं करून वाळवलं, तर उत्तम गवत मिळतं. पण त्याच आठवड्यात घरातली सगळी माणसं बाजरीच्या काढणीला लागलेली असतात. हिरवंच बारीक करून खड्ड्यात दाबून मुरघास करणं हा दुसरा उपाय. मक्याचा मुरघास आता गावोगावी होतो. माळाच्या गवताचा करायला कुट्टी आणि वाहतूक यांचा खर्च परवडत नाही, असं त्या घरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यानं अर्ध्या एकरात बांधाकडेनं मारवेलीची ठोंबं लावली होती. पहिल्या पावसात लावलेली, एकदा कापून झालेली, पुन्हा फुटून आलेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलीचे सुधारित वाण दिले आहेत. माळाचं गवत बागेतल्यासारखं लावता येतं, हे कळायला आपल्याला बराच काळ लागला. कुसळीच्या माळात स्टायलोसारखं शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाकलं, तर वैरणीतल्या प्रथिनांची उणीव बरीच भरून निघते. यालाही विहीर लागत नाही, पहिल्या पावसाची ओल पुरते.

दावणीला एक खिल्लार खोंड होता, पांढराशुभ्र, मागे वळलेल्या शिंगांचा. हा वंश माणदेशातल्याच माळांवर घडला. काटक, चपळ, थोड्या चाऱ्यावर निभावणारा. त्याला गवत टाकताना काकींनी पेंढी सोडून आधी झटकली, कुसळं झडू दिली, मग पुढ्यात सारली. ही झटकण्याची सवय इथल्या प्रत्येक घरात आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांची छावणी चालवली होती. असल्या छावण्यांत बागायती पट्ट्यातून आणलेला ऊस घातला जातो. उसानं जनावर जगतं, पण सवयीच्या गवताची जागा तो घेऊ शकत नाही. म्हाताऱ्यानं १९७२ चाही विषय काढला. तेव्हा, म्हणाला, छपराचं गवत उतरवून बैलांना घातलं होतं. ते छप्पर कुसळीचं होतं. जी काडी निबर म्हणून जनावर नाकारतं, तीच शाकारणीला उत्तम, कारण ती पाण्यानं लवकर कुजत नाही. खालून वर थर चढवत न्यायचे, घायपाताच्या वाखानं ओवायचे, की खोपीला काही पावसाळे बघायला लागत नाही. पार हवाई बेटांवरही हेच गवत 'पिली' या नावानं घरं शाकारायला वापरलं जायचं. तिथल्या काहोओलावे या उजाड झालेल्या बेटावर माती धरून ठेवण्यासाठी ते आता मुद्दाम लावलं जातं.

वाटेतल्या एका गावानं पूर्ण चराईबंदी केली होती. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा धडा अनेकांनी गिरवला आहे, जनावर सोडायचं नाही, विळ्यानं कापून न्यायचं. माळ सावरतो, हे खरंच. मी डोळ्यांनी पवन्या परतलेला पाहिला. पण कालच्या मामांचा वाडा अशा किती गावांच्या वेशीवरून परत फिरला असेल, हा विचार सुटेना. माळाला विसावा हवा, कायमची हद्दपारी नको. आषाढ-श्रावणात एक भाग, पुढच्या वर्षी दुसरा भाग राखायचा आणि बाकीचा मेंढपाळांना ठरवून द्यायचा, असं गावकऱ्यांनी आणि वाड्यांनी बसून ठरवलं तर दोघांचं निभेल असं मला मनापासून वाटतं. लेंडीखत हवं पण मेंढरं नकोत, हे फार काळ चालणारं नाही.

म्हसवडला पोचलो तेव्हा सिद्धनाथाच्या देवळात सांजआरती चालू होती. एका सणगराच्या घरी घोंगडीचं काम बघायला गेलो. अंगणात ताणा लावलेला, त्याला चिंचोक्याची खळ फासून सुकत ठेवलेला. ओसरीवर आजी काळ्या लोकरीचा ढीग घेऊन बसल्या होत्या, पिंजण्याआधीची निवडणी. लोकरीत बोटं घालायच्या, चाचपायच्या आणि उपसून शेजारच्या ताटलीत टाकायच्या. ताटलीत गोखरू होते, काड्या होत्या, आणि सगळ्यात जास्त कुसळं.

"एवढी कुसळं आहेत म्हणजे कार्तिकातली कातरणी दिसते, आजी," मी म्हटलं.

"व्हय. आन् माळ रिकामा न्हवता तवा," त्या म्हणाल्या. "मागं दोन सालं दुष्काळ पडला, तवा लोकर लई सवच्छ यायची. निवडायलाच काय नसायचं."

त्यांनी ताटली उचलली, पायरीवर जाऊन अंगणाच्या कडेच्या मातीत झटकली, आणि पुन्हा ढिगाशी येऊन बसल्या.